अंगणात आलेली शाळा : फुल्यांच्या निवेदनापासून ताराबाईंच्या अंगणवाडीपर्यंत

'अंगणवाडी' हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो, की त्याला काही इतिहास असेल असे वाटतही नाही. आज देशभरात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. हा शब्द मात्र कोणत्याही मंत्रालयात घडलेला नाही. एका किनारी गावात नव्या बालवाडीत गरिबांची मुले येईनात, तेव्हा शिक्षिकांनी 'का येत नाहीत?' असा प्रश्न विचारला. त्या प्रश्नाच्या उत्तरातून हा शब्द जन्मला. ही कथा त्या प्रश्नाची आहे. थ्रेड दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

१.
सुरुवात पाचगणीपासून करू. सह्याद्रीच्या माथ्यावर दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधोमध एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाच्या पुढाकाराने हे ठिकाण वसले. हवा कोरडी, थंड आणि निरोगी. महाबळेश्वरचा पाऊस ज्यांना सोसवत नसे त्यांना हे गाव मानवले, आणि मुलांना ठेवण्यासाठी तर ते उत्तमच ठरले. १८९५ मध्ये येथे सेंट जोसेफ कॉन्व्हेंट सुरू झाले. मागोमाग इतर निवासी शाळा आल्या. १९२२ मध्ये संजीवन विद्यालयाची स्थापना झाली. पाहता पाहता पाचगणी म्हणजे शाळांचे गाव, अशी ख्याती मुंबईपर्यंत पोहोचली.

२.
या शाळा नामवंत झाल्या त्या त्यांच्या गुणांनी, यात शंका नाही. तथापि त्या प्रामुख्याने फी भरू शकणाऱ्या घरांसाठी होत्या. अधिकारी, व्यापारी, संस्थानिक यांची मुले घाट चढून येत. डोंगरावर शाळांची अशी दाटी होत असताना त्याच सातारा जिल्ह्यातल्या शेतमजुराचे, गुराख्याचे, मोलकरणीचे तीन-चार वर्षांचे मूल दिवसभर कोणाजवळ असे? आई कामावर गेल्यावर त्याला कोण सांभाळी? शिक्षणाच्या रूढ इतिहासात हा प्रश्न फार उशिरा येतो. त्याचा एक धागा मात्र याच जिल्ह्यात सापडतो.

३.
पाचगणीहून पसरणीचा घाट उतरून वाई ओलांडली, की पुढे खंडाळा तालुका लागतो. तेथील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण, तेही साताऱ्यातलेच. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी एक रोखठोक निरीक्षण मांडले. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरी पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच निवेदनात त्यांनी कुणब्यांची मुले शाळेत का येत नाहीत याचे कारणही सांगितले : घरात दारिद्र्य आहे, आणि गुरे राखायला व शेत सांभाळायला हीच मुले लागतात.

४.
हे कारण नीट लक्षात ठेवावे, कारण पुढे सत्तर-पाऊणशे वर्षांनी ते पुन्हा आपल्यासमोर येणार आहे. शाळेत न येणाऱ्या मुलाविषयी त्या काळी सर्रास बोलले जाई, की 'यांना शिक्षणाची गोडीच नाही'. जोतीरावांनी गोडीचा मुद्दा बाजूला ठेवला आणि मुलाच्या दिवसाचा हिशेब मांडला. मूल सकाळी कोठे असते, दुपारी काय करते, त्याच्यावाचून घरातले कोणते काम अडते? उपाय म्हणून त्यांनी शाळांची संख्या वाढवण्याबरोबर शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे सुचवली. गरीब घराला मुलाच्या श्रमाची भरपाई मिळावी, हा त्यामागचा विचार उघड आहे.

५.
त्यानंतरची चार दशके सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या चळवळीची होती. १९११ मध्ये नामदार गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण जाहीर केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उभे केले. ही कामगिरी डोंगराएवढी आहे.

६.
या सर्व प्रयत्नांत एक गोष्ट समान होती. मूल साधारण सहा-सात वर्षांचे झाले, की तेथून त्यांचा आरंभ होई. त्याआधीचे वय म्हणजे घराचे, आईचे वय, असा समाजाचा समज होता. प्रत्यक्षात मजुरी करणाऱ्या आईला ते वय उपभोगायला मिळतच नव्हते. तान्हे मूल बांधावर झोळीत असे, आणि जरा मोठे झाले की थोरल्या बहिणीच्या काखेत. परिणाम दुहेरी होई. धाकट्याला सांभाळणारी सात-आठ वर्षांची बहीण शाळेला मुके, आणि धाकट्याची पहिली सहा वर्षे जशी निघतील तशी निघत. सहा वर्षांखालच्या मुलाचा प्रश्न सोडवल्यावाचून सहा वर्षांवरचीची शाळा भरणार नव्हती.

७.
हे रोममध्ये एका बाईंनी पाहिले होते. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या कामगारवस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी पहिले 'बालगृह' उघडले. आईबाप कामावर गेल्यावर मुले चाळीत मोकाट फिरतात, भिंती-जिने खराब करतात, ही इमारतीच्या चालकांची तक्रार होती. मुलांना एका खोलीत बसवून ठेवावे, एवढीच त्यांची अपेक्षा. मॉन्टेसरीबाईंनी त्या खोलीत निरीक्षण आरंभले आणि तेथून एक शिक्षणपद्धती उदयास आली. म्हणजे जगभर पुढे श्रीमंतांच्या शाळांचे भूषण ठरलेली ही पद्धती जन्मली होती मजुरांच्या मुलांमध्ये. हा विरोधाभास आपल्याकडेही लवकरच दिसणार होता.

८.
पश्चिम भारतात ही पद्धती रुजवण्याचे मोठे काम भावनगरला झाले. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये त्यांना एक सहकारी लाभल्या : ताराबाई मोडक. जन्म मुंबईचा, १८९२ चा. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. संसार टिकला नाही. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्रमुख म्हणून त्यांनी काम केले आणि तेथून त्या भावनगरला आल्या. १९२६ मध्ये या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे 'शिक्षणपत्रिका' हे नियतकालिक गुजरातीप्रमाणे मराठीतही निघू लागले.

९.
'शिक्षणपत्रिके'चे महत्त्व समजून घ्यायला हवे. मुलाला मारू नये, भीती दाखवू नये, त्याच्या हाताला काम द्यावे, त्याचे निरीक्षण करावे, या गोष्टी आज आपल्याला सामान्य वाटतात. 'छडी लागे छम छम'च्या काळात त्या बंडखोर होत्या. ताराबाई आणि गिजुभाई यांनी मूल हा अभ्यासाचा विषय केला. आधी मुलाकडे पाहायचे, नोंद करायची, आणि मग पद्धती ठरवायची. ही शिस्त पुढे ताराबाईंना फार दूर घेऊन गेली.

१०.
१९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. शाळा नावारूपाला आली, बालशिक्षिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. १९३९ मध्ये स्वतः मॉन्टेसरीबाई भारतात आल्या. युद्ध पेटल्याने त्यांचा मुक्काम लांबला आणि मद्रास, कोडाईकनाल अशा ठिकाणी त्यांनी शेकडो शिक्षकांना तयार केले. पद्धतीचा बोलबाला झाला, पण तिच्या गरजा खर्चिक होत्या. ठरावीक मापांची, पॉलिश केलेली लाकडी साधने, बेताची पटसंख्या, प्रशिक्षित शिक्षिका. जे घर हे सारे फीतून देऊ शके त्याच घरातले मूल तेथे बसे. सान लोरेन्झोच्या मजुरांसाठी निघालेली गाडी शहरी मध्यमवर्गाच्या दाराशी येऊन थांबली होती.

११.
आता पुन्हा पाचगणीला येऊ. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असतानाच कस्तुरबांचे निधन झाले. मे महिन्यात गांधीजी सुटले, आणि जुलै १९४४ मध्ये विश्रांतीसाठी ते पाचगणीला राहिले. त्याच सुमारास देशभर कस्तुरबा स्मारक निधी गोळा होत होता. २ ऑक्टोबर १९४४ पर्यंत त्यात एक कोटीहून अधिक रुपये जमले. हा पैसा खेड्यांतल्या स्त्रिया आणि बालके यांच्यासाठीच खर्च व्हायचा होता. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत नयी तालीमची व्याप्तीही वाढली. सात वर्षांपासून सुरू होणारे शिक्षण आता जन्मापासून मानले गेले, आणि 'पूर्व-बुनियादी' हा शब्द रूढ झाला.

१२.
कस्तुरबा निधीतून ग्रामसेविकांची शिबिरे भरू लागली. त्यांपैकी १९४५ च्या बोरिवलीच्या शिबिरात पस्तिशीतल्या एक शिक्षिका दाखल झाल्या : अनुताई वाघ. जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळात अशा मुलीच्या वाट्याला जे येई ते नाकारून त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले. नोकरी करता करता पुढचे शिक्षण चालूच ठेवले. बी. ए. ची पदवी त्यांनी मिळवली ती १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. बोरिवलीला त्यांची ताराबाईंशी गाठ पडली, आणि तेथून पुढे ताराबाई असेपर्यंत दोघींचे काम एकच झाले.

१३.
ताराबाईंनी ठरवले, की आता खेड्यात जायचे. ठिकाण निवडले ठाणे जिल्ह्याच्या (आजच्या पालघर जिल्ह्याच्या) किनाऱ्यावरचे बोर्डी. २४ डिसेंबर १९४५ रोजी तेथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू झाले. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या. शहरातला मान, संस्था, स्थैर्य असताना या वयात नव्याने आरंभ करण्याचे कारण त्यांच्यापुढे स्पष्ट होते. आपण जी पद्धती चांगली म्हणून सांगतो ती दरिद्री खेड्यात चालते का, आणि चालत नसेल तर तिच्यात काय बदलावे लागेल, हे त्यांना तपासायचे होते.

१४.
तो प्रदेश तेव्हा पेटलेला होता. डहाणू-उंबरगाव भागातले वारली सावकार आणि जमीनदार यांच्या वेठबिगारीखाली पिढ्यान्‌पिढ्या भरडले गेले होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही धन्याचे 'लग्नगडी' होत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने ही वेठ मोडून काढायला सुरुवात केली. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात आदिवासी मारले गेले. बोर्डीची बालवाडी त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत उघडली. ज्या घरांतली मुले हवी होती त्या घरांची ही परिस्थिती होती.

१५.
केंद्र उघडले, मुलेही आली. ती बहुतेक बऱ्या परिस्थितीतल्या घरांची होती. दलित वस्तीतली, मजुरांच्या झोपड्यांतली मुले येत ना. निमंत्रण होते, फी नव्हती, तरीही नाही. कारणे पाहू लागल्यावर ती साधीच निघाली. सकाळी आंघोळ घालून, वेणी घालून, वेळेवर पाठवायला घरी माणूस नसे. आई पहाटेच कामाला गेलेली. अंगावर धड कपडा नसे. आणि सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे सवर्णांच्या मुलांत आपले मूल बसवताना मनात असलेला संकोच. ती भीती काल्पनिक नव्हती, पिढ्यांच्या अनुभवाची होती.

१६.
मग केंद्राने दिशा उलटी केली. मुलांना बालवाडीपर्यंत आणण्याऐवजी शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. झोपड्यांच्या मधले मोकळे अंगण हीच जागा. तेथेच मुलांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे, नखे कापायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. मुलांभोवती आया, आज्या, मोठी भावंडे येऊन उभी राहत. काय चालले आहे ते सर्वांच्या डोळ्यांदेखत होई, त्यामुळे संशय विरघळे. कपड्यांचा आणि वेळेचा अडसर उरला नाही. अंगणात भरणारी बालवाडी, म्हणून 'अंगणवाडी'.

१७.
साधनांचाही प्रश्न असाच सुटला. विकतच्या लाकडी संचांची जागा समुद्रावरच्या शंख-शिंपल्यांनी, चिंचोक्यांनी, बियांनी, पानाफुलांनी, मातीच्या गोळ्यांनी आणि बांबूच्या तुकड्यांनी घेतली. हे केवळ काटकसरीसाठी नव्हते. लहान-मोठे, जड-हलके, खरबरीत-गुळगुळीत हे भेद मुलाच्या हाताला कळावेत, हा मॉन्टेसरी साधनांचा हेतू. तो हेतू शिंपल्यांनी साधतो हे ताराबाईंनी ओळखले. पद्धतीचा गाभा कोणता आणि पेहराव कोणता, हे वेगळे करता आले, म्हणून पद्धती खेड्यात टिकली.

१८.
१९५६-५७ च्या सुमारास काम डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध आले. येथे नवे प्रश्न उभे राहिले. पाडे विखुरलेले. घरची भाषा वारली, पुस्तकाची भाषा प्रमाण मराठी. प्राथमिक वयाची मुले शाळेत नाव घालत आणि दिसेनाशी होत. पुन्हा तोच उपक्रम : मुलाचा दिवस पाहायचा. दोन कारणे ठळकपणे पुढे आली. मुलींच्या काखेत धाकटे भावंड होते, आणि मुले रानात गुरांमागे होती. १८८२ चे जोतीरावांचे निवेदन आठवते ना? इंग्रज गेले, राज्य बदलले, तरी गुरे तेथेच होती.

१९.
पहिल्या कारणावर उत्तर म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या गेल्या. या रचनेला 'विकासवाडी' म्हणतात. आठ वर्षांची बहीण तान्ह्याला घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी, चार वर्षांच्या भावाला बालवाडीत सोडी, आणि स्वतः वर्गात बसे. तिन्ही मुले एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असत. घरातल्या कामाची साखळी न तोडता ती शाळेच्या आवारात आणून ठेवण्याची ही युक्ती होती. आज ज्याला बालसंगोपन आणि बालशिक्षण यांचा मेळ म्हणतात, तो या टेकडीवर गरजेतून घडला.

२०.
दुसऱ्या कारणाचे उत्तर अधिकच वेगळे होते. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शिक्षकाने कुरणात जावे. ही 'कुरणशाळा'. गुरे चरत असत, त्यांच्यावर नजर ठेवून मुले झाडाखाली जमत, आणि झाडे, दगड, पक्षी, ढग यांच्याकडूनच मोजणे, ओळखणे, बोलणे आणि लिहिणे सुरू होई. जी मुले दिवसा अजिबात सुटू शकत नसत त्यांच्यासाठी रात्रीची शाळा होती. एका टेकडीवर शाळेचे असे चार-पाच आकार झाले, कारण मुलांच्या आयुष्याचे आकार तितके होते.

२१.
येथे एखादा चिकित्सक वाचक विचारेल : याला संशोधन म्हणावे का? प्रश्न योग्य आहे. तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहू. मिशिगन राज्यातल्या इप्सिलान्टी गावात १९६२ पासून पेरी प्रीस्कूल हा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुले घेतली. ५८ मुलांना उत्तम पूर्वप्राथमिक शिक्षण दिले, ६५ मुलांना दिले नाही, आणि वयाच्या चाळिशीपर्यंत दोन्ही गटांचा मागोवा घेतला. पहिल्या गटात शालेय शिक्षण पूर्ण करणारे अधिक निघाले, त्यांची कमाई अधिक होती आणि त्यांना अटक होण्याचे प्रमाण कमी होते. जगभरच्या धोरणकर्त्यांना या आकड्यांनी हलवले.

२२.
कोसबाडला असे दोन गट नव्हते, चाळीस वर्षांचा सांख्यिक पाठपुरावाही नव्हता. त्या अर्थाने तो पेरीसारखा प्रयोग नव्हे, आणि तसा दावा करणे अन्यायाचे होईल. पण दोहोंचे प्रश्नच भिन्न आहेत. पेरीचा प्रश्न होता : चांगली बालवाडी मिळाली तर मुलाचे पुढे काय होते? कोसबाडचा प्रश्न होता : ज्या घरात रोजची भाकर रोजच्या मजुरीवर आहे, त्या घरातल्या मुलापर्यंत बालवाडी पोहोचावी कशी? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज पहिल्याचे उत्तर कागदावरच राहते. निरीक्षण करणे, अडचणीचे कारण शोधणे, रचना बदलणे आणि पुन्हा निरीक्षण करणे ही कोसबाडची रीत संशोधनाचीच होती.

२३.
या कामाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शहरातून आलेल्या सुशिक्षित स्त्रियांच्या नजरेत स्वच्छता, शिस्त, शुद्ध बोलणे यांना मोठे स्थान होते. पाड्यावर पाणी लांबून आणावे लागते तेथे रोजची आंघोळ हा केवळ सवयीचा विषय नसतो. शिवाय जमीन, मजुरी आणि कर्ज यांचे प्रश्न बालवाडीने सुटणारे नव्हते. ते काम गोदावरीबाईंच्या चळवळीचे होते. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचे पुस्तक आणि अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन शेजारी ठेवून वाचावे. एकाच तालुक्याची दोन चित्रे दिसतात, आणि दोन्ही खरी आहेत.

२४.
१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले, १९७२ मध्ये अनुताईंना पद्मश्री. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभी ३३ प्रकल्प होते : १८ ग्रामीण, ११ आदिवासी आणि ४ नागरी. प्रत्येक वस्तीत एक केंद्र, आणि त्याचे नाव अंगणवाडी. बोर्डीचा शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत पोहोचला. मराठी माणसाने देशाला दिलेल्या शब्दांत या शब्दाची गणना क्वचित होते. ती व्हायला हवी.

२५.
शब्द गेला, पण त्यासोबत सारा आशय गेला का? योजनेत सहा सेवा होत्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण, आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. कुपोषणाचे संकट पाहता आहाराला प्राधान्य मिळणे स्वाभाविक होते, आणि त्याचे मोल कमी लेखू नये. पण सहावी सेवा बहुतेक ठिकाणी मागे पडली. ताराबाईंच्या रचनेतला दुसरा खांब म्हणजे दिवसभराचे पाळणाघर. अंगणवाडी मात्र काही तासांची राहिली. आई संध्याकाळी परतते आणि अंगणवाडी दुपारी मिटते. मधल्या वेळी मूल पुन्हा थोरल्या बहिणीच्या काखेत.

२६.
ज्या स्त्रिया हे केंद्र चालवतात त्यांची कथाही याच इतिहासाचा भाग आहे. आहार, नोंदवह्या, गृहभेटी, लसीकरण, आणि वर शिकवणे. एवढे करूनही शासनाच्या लेखी त्या 'मानसेवी', त्यांना मिळते ते 'मानधन'. म्हणजे काम पूर्ण, पण नोकरी नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निर्णय दिला. मुलांची देखभाल हे कौशल्याचे काम आहे की बाईच्या स्वभावातली माया, हा वाद अजून मिटलेला नाही. अनुताईंनी हयातभर शिक्षिकांना प्रशिक्षण दिले ते हे कौशल्य आहे, या श्रद्धेने.

२७.
कायद्याची वाटचाल तर विशेष उद्बोधक आहे. १९५० च्या मूळ संविधानातला अनुच्छेद ४५ म्हणत होता, की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले, ते सहा ते चौदा वयासाठी. सहा वर्षांखालील मुले मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही त्यांच्यासाठी व्यवस्था करण्याची मुभा देतो, हक्क देत नाही. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन वर्षांपासून शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. धोरण आणि हक्क यांतले अंतर मात्र उरलेच.

२८.
हे सारे जुने, असे वाटत असेल तर गळीत हंगामात सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात एक फेरी मारावी. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागातून ऊसतोड कामगार येथे येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, म्हणजे दोन माणसांचे नाव एका अवजारावरून. त्यांच्यासोबत मुले येतात. थंडीतल्या पहाटे जोडी फडात जाते, आणि पाचटाच्या कोपीपाशी सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्याला घेऊन बसते. गावाकडच्या अंगणवाडीच्या पटावर त्यांची नावे असतील, पण अंगणच बदललेले असते.

२९.
थोरल्या मुलांसाठी साखरशाळांचा प्रयोग झाला, तो कोठे चालला, कोठे बंद पडला. तान्ह्या आणि तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी फडाजवळ काही असणे आजही अपवादच. विचार करून पाहा : वस्ती हलती आहे, भाषा-बोली वेगळी आहे, आई पहाटे जाते, बहीण शाळेला मुकते. कोसबाडच्या पाड्यांवर जी कारणे सापडली तीच येथे आहेत. मग ताराबाईंची रीतही येथे लागू आहे. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र, आणि तीही फडाच्या वेळेला धरून. ही गोष्ट अशक्य नाही. १९५७ मध्ये शिंपल्या आणि चिंचोक्यांच्या बळावर ती एका टेकडीवर झाली होती.

३०.
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना शेवटी एक सुचवावेसे वाटते. आपण किल्ले पाहतो, शिलालेख वाचतो, मोडी शिकतो. तसे एकदा आपल्या गावातल्या अंगणवाडीतही जावे. ती कधी सुरू झाली, पहिल्या सेविका कोण होत्या, आधी कोणाच्या ओसरीवर भरत असे, कोणत्या वस्तीतली मुले येत आणि कोणत्या वस्तीतली येत नसत, हे विचारावे. ज्यांना हे आठवते त्या बाया आता वयस्क झाल्या आहेत. या आठवणींचे बखरकार कोणी झाले नाही. नोंदवही घेऊन बसलात तर शेवटचा प्रश्न विसरू नका : जी मुले आली नाहीत, ती का आली नाहीत?